लॅपटॉप चालूच होत नाही? त्यातला डेटा असा बाहेर काढा

माझ्या जुन्या लॅपटॉपनं एका रात्री मान टाकली, तेव्हा त्यात नऊ वर्षांचे फोटो, दोन अर्धवट अनुवाद आणि कर भरण्याचे सगळे कागद होते. बॅकअप? तो येत्या रविवारी घ्यायचा होता. कितव्या रविवारपासून ते विचारू नका.

डेटा शेवटी सगळा मिळाला, पण सहा दिवस लागले. प्रत्यक्ष काम एका दुपारचं होतं. बाकीचे पाच दिवस मी आधी कळस मग पाया अशा थाटात घालवले: आधी खोललं, मग विचार केला, चुकीची वस्तू मागवली, नको त्या वेळी घाबरलो. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. घाई असेल तरी क्रमांक दोन वगळू नका.

धीर यावा म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. लॅपटॉप चालू न होण्याची कारणं बहुतेकदा चार्जर, बॅटरी, चार्जिंगचं सॉकेट किंवा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) यांत असतात. तुमच्या फाइल्स ज्या डिस्कवर असतात ती वेगळी वस्तू आहे, आणि बऱ्याच लॅपटॉपमधून ती काढता येते.

१. खरंच बंद आहे का, ते बघा

चार्जर लावा, पॉवर बटण दाबा आणि कान लावून ऐका. पंख्याचा आवाज येतो? एखादा दिवा लागतो? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा चालू-बंद होतो? होत असेल तर लॅपटॉप जिवंत आहे, फक्त दिसत काही नाही. एचडीएमआय केबलनं तो टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडा. चित्र उमटलं तर पेन ड्राइव्ह लावा, फाइल्स कॉपी करा आणि हा लेख बंद करा. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहणं हीदेखील जुनी युक्ती आहे. पुसट अक्षरं दिसली तर फक्त पडद्यामागचा उजेड गेलेला असतो.

काहीच हालचाल नसेल तर हे करून पाहा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डावर अडकून राहिलेला विजेचा अंश निघून जातो आणि वीज सांभाळणारी चिप कधीकधी पुन्हा भानावर येते. मग फक्त चार्जर लावून चालू करा. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपच्या पोटाला यासाठीच एक बारीक छिद्र असतं, त्यात कागदाची क्लिप सरळ करून हलकेच दाबायची.

चार्जर बदलून पाहा, पण तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त वॅटचा. यूएसबी सी वाल्या लॅपटॉपला फोनचा बारका चार्जर लावून 'चालत नाही' म्हणू नका. ६५ वॅट मागणाऱ्याला १८ वॅटमध्ये जाग येईलच असं नाही. दुसरं पोर्टही वापरून बघा. बॅटरी ठार रिकामी असेल तर अर्धा तास चार्जिंगला ठेवून मग बटण दाबा.

दोन अपवाद. लॅपटॉपवर पाणी किंवा काहीही सांडलं असेल तर यातलं काहीच करू नका, चार्जर तर मुळीच लावू नका. आणि टचपॅड वर आलेला असेल, तळ फुगलेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्ज करायचं नाही. अशा वेळी खोलण्याचं काम जाणकारावर सोडा.

२. आधी किल्ली, मग स्क्रूड्रायव्हर

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. माझंही खाल्लं.

विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची कुलूपव्यवस्था आहे. होम आवृत्तीत तिचंच साधं रूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावानं असतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करताना ते पुष्कळदा आपोआप चालू झालेलं असतं. २०२४ च्या विंडोज ११, २४एच२ आवृत्तीपासून तर नव्यानं विंडोज टाकताना हे आणखी सर्रास झालं. रोज वापरताना याचा पत्ता लागत नाही, कारण कुलूप उघडण्याचं काम मदरबोर्डवरची सुरक्षा चिप परस्पर करते. डिस्क त्या बोर्डापासून वेगळी केली की दुसरा कॉम्प्युटर तुमच्याकडे ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तुमचा पिन, बोटाचा ठसा इथे उपयोगाचे नाहीत. ते त्या मेलेल्या लॅपटॉपपुरतेच होते.

की कुठे सापडेल?

फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, उपकरणांच्या यादीत तो लॅपटॉप शोधा, तिथे रिकव्हरी कीचा दुवा असतो. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर गोंधळू नका. डिस्क जोडल्यावर कुलपाच्या खिडकीत 'की आयडी' दिसतो. त्याची सुरुवातीची अक्षरं ज्या कीशी जुळतील ती तुमची. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की आयटी विभागाकडे असते, आणि मुळात असा लॅपटॉप स्वतः खोलूच नये.

माझी की माझ्या नेहमीच्या अकाउंटमध्ये नव्हती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर आठवलं की लॅपटॉप नवा असताना मी तो एका जुन्या ईमेलनं सुरू केला होता. त्या ईमेलचा ओटीपी जात होता एका बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर. पर्यायी ईमेल दिलेला होता म्हणून निभावलं. तेव्हा हे सगळं लॅपटॉप खोलण्याआधी उरकून घ्या आणि ४८ आकडे कागदावर लिहून दोनदा ताडून पाहा.

की नसेल आणि डिस्क खरोखर एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तो लॅपटॉप दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाल्याशिवाय कुणीही ती उघडू शकत नाही. 'आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

आणखी एक, पाच मिनिटांचं काम: वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, आयक्लाउड, जे वापरत असाल ते ब्राउझरमधून उघडून पाहा. विंडोज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये हलवून ठेवतं आणि आपल्याला ते माहीतही नसतं. माझे कराचे कागद असेच तिथे बसलेले सापडले. अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

३. आत कोणती डिस्क आहे ते ओळखा

लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात डिस्कचा प्रकार आणि ती काढण्याची चित्रं असतात. साधारण चार शक्यता.

अडीच इंची साटा डिस्क (साटा ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत): पत्त्यांच्या कॅटपेक्षा जरा मोठी, सात किंवा साडेनऊ मिलिमीटर जाड. आत फिरती तबकडी असेल तर हार्ड डिस्क, नसेल तर एसएसडी. बाहेरून जोडणी एकच, त्यामुळे सगळ्यात सोपा प्रकार.

एम.२ पट्टी, साटा: च्युइंगगमच्या पट्टीसारखी. २२८० लिहिलेलं असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. २२४२ आणि २२३० अशा आखूड पट्ट्याही असतात.

एम.२ पट्टी, एनव्हीएमई: जोडणीची नवी, वेगवान पद्धत. दिसायला तशीच, चालायला पूर्ण वेगळी.

बोर्डावर सोल्डर केलेलं, म्हणजे काढता न येणारं स्टोरेज: स्वस्त, हलक्या लॅपटॉपमधली ईएमएमसी नावाची चिप आणि अलीकडचे मॅकबुक. यांच्यासाठी थेट क्रमांक आठवर जा.

या दोन एम.२ पट्ट्यांच्या सारखेपणानं माझा सगळ्यात मोठा घोटाळा केला. मी एनव्हीएमईचं केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीनं जोडायची डबी) मागवलं. पट्टी आत चपखल बसली, स्क्रू लागला, केबल जोडल्यावर निळा दिवाही लागला. आणि कॉम्प्युटरवर काहीच नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, रात्री दीड वाजता मनातल्या मनात फोटोंना निरोपही दिला. सकाळी पट्टीवरचं लेबल उजेडात वाचलं: बारीक अक्षरांत 'साटा'. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात आणि ती एनव्हीएमईच्या खोबणीत शिरते, पण त्या केसिंगला तिची भाषा कळत नाही. एनव्हीएमईला सहसा एकच खाच असते, पण काही पट्ट्यांना दोन असतात, म्हणून खाचांवर भरवसा ठेवू नका. लेबल वाचा. किंवा दोन्ही प्रकार चालणारं केसिंग घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

४. सामान

- बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पीएच०० आणि पीएच०. काही मॉडेलना टॉर्क्स टी५ लागतो, मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पेंटालोब.
- प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचं पिक. लोखंडी पट्टीनं खाचा तुटतात.
- डिस्कच्या प्रकाराचं यूएसबी केसिंग किंवा अडॅप्टर. अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते.
- दुसरा चालू कॉम्प्युटर.
- डेटा ठेवायला जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी, रिकामी एक्सटर्नल डिस्क.
- ४८ आकड्यांचा तो कागद आणि विंडोजचा पासवर्ड.
- वॉरंटी सुरू असेल तर बिल आणि वॉरंटीच्या अटी. खोलण्यानं वॉरंटी जाते का ते आधी वाचा.

५. डिस्क काढणं

चार्जर काढा. टेबलावर पांढरा कागद पसरा आणि त्यावर लॅपटॉपच्या तळाचा ढोबळ आराखडा काढून प्रत्येक स्क्रू काढला की त्याच्या जागी ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो वर कीबोर्डपर्यंत टोचतो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण हटत नसेल तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधा.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून सोडवणं. हे झाल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवा, मग डिस्क कडांना धरून काढा. एम.२ पट्टीचा एकुलता स्क्रू काढला की ती स्वतःच तिरकी वर येते. त्याच कोनात बाहेर ओढा.

लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असू शकतात. छोट्या एसएसडीवर विंडोज आणि मोठ्या हार्ड डिस्कवर फाइल्स, ही जोडी एके काळी फार चालायची. दोन्ही काढा. छोट्या पट्टीवर 'ऑप्टेन' लिहिलेलं असेल तर ती हार्ड डिस्कची साथीदार म्हणून काम करत असू शकते आणि एकट्या डिस्कवरचा डेटा अपुरा दिसू शकतो. तसं असेल तर इथेच थांबून जाणकाराला दाखवा.

६. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं

केसिंगमध्ये डिस्क बसवा, केबल जोडा, थोडं थांबा. आता खिडक्या येतील आणि त्यातल्या एका खिडकीनं आजवर कित्येकांचा घात केला आहे.

'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असं विचारलं तर उत्तर एकच: रद्द करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशियलाइझ' विचारलं तरीही रद्द. 'त्रुटी तपासून दुरुस्त करू का' याचंही उत्तर सध्या नाही. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि कॉपी हातात येईपर्यंत तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही.

बिटलॉकरची खिडकी आली तर ४८ आकडे टाका. मदतीला घेतलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज होम असलं तरी चालतं.

'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावावर क्लिक केल्यावर 'परवानगी नाही' असं येईल. घाबरू नका, हे कुलूप नाही, जुन्या आणि नव्या कॉम्प्युटरची ओळख नसल्याचा परिणाम आहे. 'कंटिन्यू' दाबा. हजारो फाइल्सच्या परवानग्या बदलायच्या असतात, हिरवी पट्टी सावकाश सरकते. हा बदलही डिस्कवर लिहिला जातो. म्हणून डिस्क आजारी वाटत असेल तर हे बटण दाबू नका. तेव्हा लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बरा, म्हणजे विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच सुरू होणारी दुसरी कार्यप्रणाली. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडता येते आणि विंडोजच्या परवानग्या आड येत नाहीत.

मदतीचा कॉम्प्युटर मॅक असेल तर तो विंडोजच्या एनटीएफएस मांडणीची डिस्क वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आपल्या कामाला हे उत्तमच. बिटलॉकर असेल तर मात्र विंडोज किंवा लिनक्सच गाठा.

जुनी डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घालून तिच्यावरूनच विंडोज सुरू करण्याचा मोह होतो. कधीकधी सुरू होतंही. पण सुरू होताना विंडोज शेकडो ठिकाणी लिहीत असतं, अपडेटसुद्धा आणून बसवतं. मी तरी तसं करणार नाही.

७. काय उचलायचं, आणि कॉपी कशी

वेळ आणि जागा असेल तर तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर उचला. निवडत बसलात तर काहीतरी हमखास सुटतं. नेहमी सुटणाऱ्या गोष्टी:

डाउनलोड्स फोल्डर. सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतः केलेले फोल्डर. डॉक्युमेंट्समधल्या आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (साठवलेले ईमेल). हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो बहुधा त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं लिखाण असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्टही घ्या, नाहीतर फाइल उघडेल आणि अक्षरं भलतीच दिसतील.

'ॲपडेटा' हा लपलेला फोल्डर, त्यात ब्राउझरचे प्रोफाइल असतात. फायरफॉक्सचं प्रोफाइल उचललं तर बुकमार्कबरोबर पासवर्डही येतात. क्रोमचे बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधलेले असतात. गुगल अकाउंटशी सिंक केलेले असतील तर तिथून मिळतील.

वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये काही फाइल्स दिसतील पण उघडणार नाहीत. त्या डिस्कवर नव्हत्याच, नुसत्या नावाच्या पाट्या होत्या. खऱ्या फाइल्स ब्राउझरमधून उतरवून घ्या.

कॉपी करताना सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स आधी. आधी फोटो आणि कागद, सिनेमे शेवटी. यूएसबी ३ चं पोर्ट वापरा. यूएसबी २ वरून ५०० गीगाबाइटला चार तास सहज जातात. मदतीचा कॉम्प्युटर मध्येच झोपू नये म्हणून स्लीप बंद करा. रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करण्याची कमांड वापरणाऱ्यांनी पुनःप्रयत्नांची संख्या स्वतः ठरवून द्यावी. मूळ सेटिंगमध्ये अडलेल्या एका फाइलसाठी ती दर तीस सेकंदांनी एक असे दहा लाख प्रयत्न करते. मी एक रात्र तिच्या चिकाटीला वाहिली आहे.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची फाइल-संख्या आणि आकार जुळवा. मग वेगवेगळ्या वर्षांचे दहाबारा फोटो आणि काही कागद खरोखर उघडून पाहा. लहान चित्र दिसलं म्हणजे फाइल शाबूत आहे असं नव्हे.

डिस्कच कुरकुरत असेल तर: हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज येत असेल, किंवा ती फिरायला लागून थांबत असेल, तर वीज तोडा. प्रत्येक नवा प्रयत्न तबकडीवर ओरखडे वाढवू शकतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. आत दव धरतं. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेतच उघडतात. आवाज नाही पण कॉपी वारंवार अडते, अशी मधली अवस्था असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे अख्ख्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि बिघडलेल्या जागांशी शेवटी झुंजतं. मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) ठेवली तर मध्येच थांबवून पुढे सुरू करता येतं. त्यासाठी उद्दिष्टाची डिस्क (जिच्यावर प्रत उतरवायची ती) मूळ डिस्कपेक्षा लहान नको. आणि कोणती डिस्क मूळ, कोणती उद्दिष्ट, हे आकार आणि सीरियल नंबर पाहून तीनदा तपासा. उलटसुलट झालं तर ते सॉफ्टवेअर तुमची रिकामी डिस्क तुमच्या डेटावर इमानेइतबारे उतरवेल.

८. स्टोरेज सोल्डर केलेलं असेल, किंवा दुरुस्तीला द्यायचं असेल

२०१८ पासूनच्या टी२ या सुरक्षा चिपवाल्या मॅकबुकमध्ये आणि २०२० पासूनच्या एम मालिकेतल्या प्रोसेसरच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावर असतं आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये. नुसत्या मेमरी चिप उपटून काही मिळत नाही. डेटासाठी तोच बोर्ड निदान तासभर जिवंत करावा लागतो. म्हणून बोर्ड बदलून देणारा नको, बोर्डाची घटक पातळीवर दुरुस्ती करणारा शोधा. बोर्ड बदलला की लॅपटॉप चालू होईल, डेटा जुन्या बोर्डाबरोबर जाईल. ईएमएमसीवाल्या लॅपटॉपचीही पहिली वाट तीच.

लॅपटॉप हातातून सोडण्यापूर्वी 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये, बोर्ड किंवा डिस्क बदलल्यास जुनी परत द्यावी' हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या टेबलापर्यंत पोचत नाही. मला एका ठिकाणी पहिलंच वाक्य ऐकवलं गेलं होतं, 'नवीन विंडोज टाकून देतो'. अजून झाकणही उघडलं नव्हतं त्यांनी.

डिस्क निघणारी असेल तर ती काढून घरी ठेवा आणि लॅपटॉप तसाच द्या. वीज येते का, बोर्ड चालतो का, हे तपासायला तुमच्या फोटोंची गरज नसते. डेटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. माझी अजून कपाटात आहे, अँटिस्टॅटिक पिशवीत. वर चिकटपट्टीवर तारीख, आणि खाली तो ४८ आकड्यांचा कागद कुठे ठेवलाय ते.